हाकणारी

१

लसीकरणाच्या दिवसांत माझी सकाळ बर्फापासून सुरू होते. बर्फाच्या पट्ट्या निळ्या पेटीत लावायच्या, मधोमध लसीच्या बाटल्या, वरून ओलं फडकं, आणि ऊन चढायच्या आत निघायचं. लिंबागणेशच्या पुढे डोंगराच्या कुशीत जनावरांचा एक छोटा दवाखाना आहे, तिथे मी तेव्हा सात वर्षं डॉक्टर होते. सोबत आमचे परिचर हनुमान. ते शेळी धरायचे, मी सुई टोचायची.

आसाराम काकांचं शेत दवाखान्यापुढच्या रस्त्यावरचं शेवटचं, त्यापुढे फक्त टेकाड आणि वरची वस्ती. दोन पत्र्याच्या खोल्या, समोर अंगण, डाव्या हाताला रस्त्याचं फाटक, उजव्या हाताला दोनशे पावलांवर कमरेएवढा दगडी बांध. बांधाला एकच खिंडार, एक माणूस जेमतेम जाईल एवढं. पलीकडे तूर. घरात काका, त्यांची बायको छबुबाई, आणि दोन कारवानी कुत्री.

ती कुत्री बघायला मी कामापेक्षा दहा मिनिटं जास्त थांबायची. गावठी कुत्र्याच्या दीडपट उंच, तोंड लांब आणि निमुळतं, छाती खोल, पोट पाठीला लागलेलं. मादीचं नाव भिंगरी, नराचं मुक्या. सख्खे बहीण-भाऊ.

"निजामाच्या काळात रोहिले यायचे घोडे विकायला," काका सांगायचे. "त्यांच्या कारवानासंगं ही जात आली. एक कुत्री व्यायला झाली म्हणून आमच्या आज्याच्या दारात सोडून गेले. म्हणाले, मटन घालू नका, भाकर न्‌ दूध घाला. आन् परक्या मानसाला हात लावू देऊ नका."

"खरं असेल का हो?"

"आज्या खोटं बोलायचा. पर कुत्री तर हाय ना समोर."

ही कुत्री वासावर चालत नाहीत, नजरेवर चालतात. मैलभर लांबचं हलणारं त्यांना दिसतं. आणि काकांची जोडी कामं वाटून घ्यायची. भिंगरी माळावर सावज उठवायची, कधी डावीकडून, कधी उजवीकडून दाबत त्याला खिंडाराकडे वळवायची. मुक्या पलीकडे तुरीत दबा धरून पडलेला असायचा. सावज मागे बघत खिंडारातून उडी मारायचं आणि पुढे मुक्या.

"भिंगरी खिंडारापाशी आली का बसनार," काका म्हणायचे. "पल्याड पाय टाकनार न्हाई. पल्याडचं ते मुक्याचं." मग माझ्या चेहऱ्याकडे बघून घाईने जोडायचे, "आता न्हाई हां मॅडम. कायदा हाय. आता फकस्त रानडुकरं हाकलतो."

२

पोळ्यानंतरच्या आठवड्यात त्यांचा फोन आला. मुक्याला रस्त्यावर कुठल्यातरी गाडीने उडवलं होतं. मी गेले तेव्हा तो अंगणात पोत्यावर पडला होता. कमरेखाली काही हलत नव्हतं. मी पायाच्या बोटांना चिमटा घेतला, त्याला कळलंही नाही. मणका तुटला होता.

"बीडला नेऊ? परभनीला नेऊ?" काकांनी विचारलं.

मी नकारार्थी मान हलवली. काका त्याच्याशेजारी पोत्यावर टेकले. मग म्हणाले, "मंग द्या सुई. मी धरतो."

ज्या कुत्र्याने सात वर्षांत मला अंगाला बोट लावू दिलं नव्हतं, त्याने त्या दिवशी पाय माझ्या हातात दिला. काकांनी त्याचं डोकं मांडीवर घेतलं होतं. औषध जाईपर्यंत तो आमच्यापैकी कोणाकडेही बघत नव्हता. बांधाकडे बघत होता. भिंगरी अंगणाच्या कोपऱ्यात उभी होती. ती रडली नाही, जवळ आली नाही.

घरामागच्या लिंबाखाली आम्ही त्याला पुरलं. हनुमानांनी खड्डा खोल घेतला, वर दगड रचले. मी स्वतः पाहिलं आहे. नंतरच्या दिवसांत मी हे स्वतःला पुष्कळदा सांगितलं.

३

महिन्याभराने शेळ्यांच्या लसीसाठी पुन्हा गेले. काका वाळले होते, पण बोलणं नेहमीसारखं. चार शेळ्या झाल्या. पाचवं एक तपकिरी करडू होतं, सुई लागताच हनुमानांच्या हातातून निसटलं आणि अंगणातून पळालं.

भिंगरी उठली.

ती धावते तेव्हा जमिनीला पाय लागल्यासारखं वाटत नाही. करडू फाटकाकडे निघालं होतं. ती वळसा घेऊन त्याच्या डाव्या अंगाला गेली. चावली नाही, भुंकली नाही, नुसती खांद्याची बाजू दाखवली. करडू उजवीकडे वळलं. पुन्हा सरळ व्हायला बघत होतं, तिने पुन्हा दाबलं. मला तर गंमत वाटत होती. दोनशे पावलांत तिने त्या पोराला दोरी बांधल्यासारखं नेलं आणि करडू खिंडारातून पलीकडे गेलं.

भिंगरी खिंडारापासून दहा पावलांवर थांबली. बसली. जीभ बाहेर काढून, पुढचे पाय पसरून, काम संपवलेल्या माणसासारखी.

पलीकडून एकदा 'बें' आलं, अर्धंच.

"धरलं," माझ्याशेजारी काका म्हणाले.

ते सवयीने बोलून गेले होते. इतकी वर्षं भिंगरी तशी बसली की ते तेच म्हणत आले होते. बोलल्यावर त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी त्यांच्याकडे. मग आम्ही दोघे चालत निघालो. 

४

करडू तुरीच्या पहिल्या ओळीत पडलं होतं. मान सुटलेली. रक्त नाही.

मी गुडघ्यावर बसून तपासलं, कारण ते माझं काम आहे. बिबट्या गळा खालून धरतो. हे मानेच्या मागून, वरून धरलं होतं आणि झटकलं होतं. दात फारसे रुतले नव्हते. मानेवरचे केस बोटांना ओले लागले. ओले आणि कोमट.

"बिबट्या," हनुमान बांधावरून म्हणाले. ते पलीकडे आले नाहीत.

"बिबट्या असता तर शेळ्या अंगणात उभ्या राहिल्या असत्या का?" मी म्हणाले. "लांडगा असेल. नाहीतर मोकाट कुत्रं."

मी तुरीत शंभर पावलं आत जाऊन आले. माती भुसभुशीत होती, माझ्या बुटांचे ठसे स्पष्ट उमटत होते. दुसरे ठसे नव्हते. पण मी काही शिकारी नाही, पावलं वाचायला शिकलेले नाही. शिवाय तुरीचा पाला पडलेला होता. वनखात्याच्या माणसाला फोन केला, तो दुसऱ्या दिवशी येऊन बघून गेला. काही नाही म्हणाला.

निघताना काकांना बजावलं, "भिंगरीला बांधून ठेवा."

"ती तर पल्याड गेलीच न्हाई मॅडम. तुमी बगितलं न्हाई का?"

"बघितलं. तरी बांधा."

भिंगरी अजून तिथेच बसली होती. तिचं लक्ष आमच्याकडे नव्हतं. जोडीतली कुत्री पलीकडच्याने आपल्याकडे यायची वाट बघतात, तशी ती बसली होती.

५

पुढच्या आठवड्यात छबुबाई दवाखान्यात आल्या. इतक्या वर्षांत कधी आल्या नव्हत्या. हातात पिशवी नाही, जनावर नाही. बाकावर बसल्या आणि हनुमान बाहेर जाईपर्यंत काही बोलल्या नाहीत.

"मॅडम, तुमी यांना सांगा. तुमचं ऐकत्यात."

"काय झालं?"

"रोज दुपारी भाकर कुस्करून दुधात भिजवत्यात. ताटली घेऊन खिंडारापल्याड ठिवून येत्यात."

मला हायसं वाटलं. दुःखात माणसं असं करतात. "करू द्या काही दिवस. कावळे खातील, मुंगूस खाईल."

"कावळा भाकर नेतो," छबुबाई म्हणाल्या. "ताटली चाटत न्हाई. मी घासायला घेते ना मॅडम. एक कन ऱ्हात न्हाई. धुतल्यावानी."

"एखादं भटकं कुत्रं सोकावलं असेल."

"मंग भिंगरी भुकली असती का नसती? परकं कुत्रं तिनं कधी बांधाला येऊ दिलंय?" त्या थांबल्या. "आन् यांनी तिला सोडलीया. बांधल्यावर खात न्हाई म्हनत्यात."

मी दुसऱ्या दिवशी येते म्हणून सांगितलं.

६

दुसऱ्या दिवशी साडेअकराला पोचले. हनुमानांची गुरं आजारी होती, एकटीच होते. काका अंगणात बाजेवर बसले होते. मी त्यांना समजावलं. दुसरं पिल्लू आणून देते म्हणाले. खिंडार दगडांनी बुजवा म्हणाले.

"बुजवून काय हुईल?" ते हळूच म्हणाले. "त्याची जागा हाय ती. मॅडम, तुमी सुई दिली तवा त्यो बांधाकडं बगत व्हता. बगितलं ना तुमी?"

"काका, कुत्रं मेलं की मेलं. मी रोज बघते."

"आपल्याला दिसत न्हाई म्हनून. आपली नजर ती किती! भिंगरीला इचारा." ते हसले. "मी काय येडा न्हाई. मला फकस्त एकदा बगायचाय त्याला. माज्याच मांडीवर गेला. मीच धरला. त्याला वाटलं आसंल, मालकानं दगा दिला."

त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.  मी उठले, येते म्हणाले आणि स्कूटी फाटकापाशी होती तिकडे निघाले. तेवढ्यात तालुक्याच्या ऑफिसातून फोन आला. लसीचा अहवाल कुठे अडकला, कोणी सही केली नाही, असलं काहीतरी. मी बोलत चालत होते. भिंगरी माझ्या डाव्या बाजूला चालत होती. तिची पाठ माझ्या हातापर्यंत येत होती आणि मधूनमधून तिचा खांदा माझ्या मांडीला लागत होता. मला बरं वाटलं. वाटलं, इतक्या वर्षांनी ओळख दाखवते आहे.

"मॅडम!"

छबुबाईंचा आवाज होता, आणि तो फार लांबून आला. मी फोनवरून मान वर केली. समोर फाटक नव्हतं. बांध होता. खिंडार माझ्यापासून दहा पावलांवर होतं, त्यातून तुरीची पिवळी फुलं दिसत होती.

मी दोनशे पावलं चालले होते, उलट दिशेने, आणि मला एकदाही वळल्यासारखं वाटलं नव्हतं.

भिंगरी माझ्यामागे बसली. मी वळून तिच्याकडे पाहिलं. ती माझ्याकडे बघत नव्हती. माझ्या कमरेच्या उंचीवरून, माझ्या बाजूने, पलीकडे बघत होती, आणि तिची शेपटी मातीवर सावकाश हलत होती.

"पळू नका!" छबुबाई ओरडल्या. "चालत या! हळू या!"

मी चालत आले. पाठ खिंडाराकडे करायची नव्हती म्हणून उलटं चालत आले, फोन कानालाच. पलीकडचे साहेब हॅलो, हॅलो करत होते.

माणूस फोनवर बोलताना भरकटतो. दवाखान्यात पोचेपर्यंत मी स्वतःला हे पटवून दिलं होतं. फक्त त्या रस्त्याला पुन्हा जायचं नाही, असंही त्याच वेळी ठरवलं होतं. दोन्ही एकदम कसं ठरवता येतं, मला माहीत नाही.

७

ठरवलं ते पाळता आलं नाही. तीन आठवड्यांनी वरच्या वस्तीवर एक म्हैस अडली होती. ती मोकळी करून एकच्या सुमारास परत येताना रस्ता टेकाडावरून उतरतो, तिथून आसाराम काकांचं शेत अख्खं दिसतं. मी स्कूटी थांबवली. नुसतं बघून पुढे जायचं होतं.

काका अंगणातून बांधाकडे चालले होते. पांढरं धोतर, हातात ताटली. सावकाश, दूध सांडू नये म्हणून जपून. भिंगरी त्यांच्या डाव्या अंगाला. तुरीला शेंगा भरल्या होत्या, शेत माणसाच्या खांद्याएवढं झालं होतं.

अर्ध्यावर ते थांबले. काही आठवल्यासारखे घराकडे वळू लागले. भिंगरी आडवी आली. त्यांनी हाताने तिला बाजूला सारलं. ती दुसऱ्या अंगाने आली. त्यांनी पाऊल मागे घेतलं, मग आणखी एक, आणि मग त्यांचा तोल सांभाळताना पाय भराभर पडायला लागले.

मी टेकाडावरून ओरडले. "काका! पळू नका!"

वारा माझ्या तोंडावर येत होता. त्यांना ऐकू गेलं नसावं. अडुसष्ट वर्षांचा माणूस पळत होता. ताटली हातातून गेली. भिंगरी कधी डावीकडे, कधी उजवीकडे, करडाच्या मागे होती तशीच, न चावता, न भुंकता.

तेव्हाच मला तूर हलताना दिसली. शेताच्या पार पलीकडच्या टोकाला. वाऱ्याने सगळं शेत हलतं. ही एक ओळ होती, हातभर रुंद, सरळ. शेंडे दोन बाजूंना पडत होते आणि ती ओळ खिंडाराकडे येत होती. मी आयुष्यात इतकं वेगाने काही येताना पाहिलेलं नाही.

"मुक्या!" काकांचा आवाज आला. वारा माझ्याकडे होता, म्हणून स्वच्छ आला. "मुक्या, आरं मी हाय!"

ते खिंडारातून पलीकडे गेले. ओळ त्यांच्यापाशी येऊन संपली. टेकाडावरून तुरीच्या शेंड्यांमधून मला फक्त धोतराचा पांढरा रंग दिसत होता. तो खाली गेला. मग दोनदा झटकला गेला, दोरीवर घालण्याआधी आपण ओला कपडा झटकतो तसा.

भिंगरी बसली.

मी स्कूटी कशी उतरवली, आठवत नाही. छबुबाई माझ्याआधी पोचल्या होत्या. काका उताणे पडले होते, डोळे उघडे. सदऱ्याची कॉलर ओली होती. छबुबाईंनी ती पदराने पुसली, पुन्हा पुन्हा पुसली, आणि मला म्हणाल्या, "काई बोलू नका कुनाला. येडी म्हनतील मला."

८

हृदय बंद पडलं, असं कागदावर आलं. मानेला मार होता, तो पडताना दगड लागून. पंचनाम्यात माझा जबाब आहे: मयत शेताकडे पळत असताना मी टेकाडावरून पाहिलं, सोबत त्यांचं पाळीव कुत्रं होतं. यातला एकही शब्द खोटा नाही.

तेराव्यानंतर छबुबाईंनी मला बोलावलं. त्या लेकीकडे चकलांब्याला राहायला जाणार होत्या. सामान बांधलेलं होतं. भिंगरी दोन साखळ्यांनी लिंबाला बांधली होती.

"तिला सुई द्या," त्या म्हणाल्या. "मी धरते."

मी नाही म्हणाले नाही. खरं सांगायचं तर वाटेत मीच ते ठरवून आले होते. बाटली काढली, औषध ओढून घेतलं. भिंगरी शांत होती. मुक्याने दिला तसा तिने पाय दिला.

"पुरायची कुठं?" मी विचारलं, उगाच, काहीतरी बोलायचं म्हणून.

"हितंच. त्याच्याशेजारी..."

वाक्य अर्ध्यात सुटलं. छबुबाईंचा हात भिंगरीच्या मानेवरून निघाला आणि माझ्या मनगटावर आला. म्हातारीच्या हातात इतका जोर असेल असं वाटलं नव्हतं.

"नको," त्या म्हणाल्या. "नको मॅडम. धरनारा तर दिसत न्हाईच. हाकनारी तरी दिसू द्या."

मी सुई मातीत रिकामी केली.

९

या गोष्टीला चार वर्षं झाली, माझी बदली बीडला झाली, आणि भिंगरी आता माझ्याकडे आहे, भाड्याच्या दोन खोल्यांत. ही जात बारा-चौदा वर्षं जगते. तिचं तेरावं चालू आहे. मूत्रपिंडं जवळपास गेली आहेत. सकाळी कामावर जाण्याआधी आणि दुपारी घरी येऊन मी तिला सलाईन लावते, भाकरी दुधात कुस्करून बोटाने तोंडात घालते. दवाखान्यातले सहकारी म्हणतात, मॅडम, किती जीव लावलाय, पण आता सोडवा तिला. मी हसते. छबुबाई दर सोमवारी फोन करतात. "हाय का?" एवढंच विचारतात. मी आहे म्हणते. त्या ठेवून देतात.

काल दुपारी सलाईन संपलं. मी सुई काढून टेबलाशी उभी राहून बाटलीचं झाकण लावत होते. तीन दिवस ती उठली नव्हती. मागे नखं वाजली. भिंगरी उठून उभी होती, पाय थरथरत होते. एकेक पाऊल टाकत ती माझ्यापर्यंत आली, माझ्या डाव्या बाजूला उभी राहिली आणि खांदा माझ्या पायाला टेकवला.

कुत्री असं मायेनेही करतात. मी शेकडो कुत्री पाहिली आहेत, मला माहीत आहे.

उजव्या हाताला खोलीचं दार उघडं होतं. बाहेर जिना, ऊन, भाजीवाल्याची हाक. तिने पुन्हा खांदा टेकवला, आधीपेक्षा थोडा जोरात. मी दोन्ही हातांनी टेबलाची कड धरली आणि जागची हलले नाही.